बेडकाचा शब्दसंसार : प्रस्तावना

अमरकोशाच्या वारिवर्गात बेडकाला सहा नावे दिली आहेत : भेक, मंडूक, वर्षाभू, शालूर, प्लव आणि दर्दुर. त्याच कोशाच्या तिसऱ्या कांडात, नानार्थवर्गात, ‘हरि’ हा शब्द येतो. यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप आणि वानर असे त्याचे अर्थ सांगून झाल्यावर अमरसिंहाने बेडकालाही त्याच पंगतीत बसवले आहे. विष्णूचे आणि बेडकाचे नाव एकच, यात त्याला काही वावगे वाटलेले दिसत नाही. कोशकाराला तसे वाटून चालतही नाही. हरि हा रंगाचाही शब्द. पिवळट, हिरवट, तांबूस असे जे जे दिसले त्याला तो लागत गेला, आणि कोशकाराने फक्त हिशेब ठेवला.

एका वस्तूला अनेक नावे आणि एका नावाखाली अनेक वस्तू, या दोन्ही बाजू पाहणारी भाषाभ्यासाची जी शाखा आहे तिला अर्थविचार म्हणतात. शब्दाला नवे अर्थ कसे फुटतात, जुने का गळतात, एका धंद्यातला शब्द दुसऱ्या धंद्यात काय म्हणून जातो, एवढेच तिचे प्रश्न. नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. ज्याने एकदा दोन कोश शेजारी उघडे ठेवून एखादा शब्द शोधला आहे, तो या शाखेच्या उंबऱ्याच्या आत आलेलाच आहे. नव्या वाचकाला आत घ्यायला बेडूकच का, तर हत्ती, सिंह, गाय यांच्याभोवती धर्म, सत्ता आणि अभिमान यांची इतकी दाटी झालेली असते, की अर्थ नेमका कुठून फुटला हे दिसेनासे होते. बेडकाबद्दल कुणाच्या भावना पटकन दुखावत नाहीत. त्याचे अर्थ उघड्यावर पडलेले आहेत.

आणि ते पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते : कोणताही समाज अख्खा बेडूक उचलत नाही. एकाला त्याची उडी दिसते, दुसऱ्याला आवाज, तिसऱ्याला फुगलेला गळा, चौथ्याला बसण्याची ढब. जो भाग डोळ्यांत भरला त्याच्यावरून नवा अर्थ निघतो आणि बाकीचा प्राणी मागे राहतो. म्हणून बेडकाचे अर्थ समजून घ्यायचे तर कोशाइतकाच बेडूकही पाहिलेला असावा लागतो. या विषयात मला सांगायचे आहे ते एवढेच. पुढचे सगळे त्याचे दाखले.

सुरुवात ऋग्वेदापासून करणे भाग आहे. सातव्या मंडलातले १०३ वे सूक्त हे मंडूकसूक्त. ऋचा दहा, ऋषी वसिष्ठ. वर्षभर तळ्यात कोरड्या पखालीसारखे पडून राहिलेले बेडूक पर्जन्याची चाहूल लागताच बोलू लागतात, आणि व्रत संपवून उठलेल्या ब्राह्मणांशी त्यांची तुलना होते. एक बोलतो, दुसरा त्याचेच शब्द पुन्हा म्हणतो, जसा शिष्य गुरूमागे म्हणतो. पुढे अतिरात्र यागातले सोमपात्राभोवती बसलेले ऋत्विज येतात, घामाने निथळणारे अध्वर्यू येतात. सहाव्या ऋचेत कवी जवळ जाऊन पाहतो : एकाचा आवाज गाईसारखा, एकाचा बोकडासारखा, एक ठिपकेदार, एक हिरवा, नाव सगळ्यांचे सारखे, रूपे मात्र निराळी. हे वर्णन करणारा माणूस तळ्याकाठी चिखलात उभा राहिलेला असला पाहिजे. गाईसारखा आणि बोकडासारखा हा फरक घरात बसून सुचत नाही. आजचे उभयचरांचे अभ्यासकही रात्री बॅटरी आणि ध्वनिमुद्रक घेऊन निघतात आणि दिसायला सारख्या असलेल्या जाती आवाजावरून वेगळ्या करतात.

याच सूक्तात बेडकांच्या बोलण्यासाठी ‘अख्खल’ या ध्वनीवरून घडवलेले एक विचित्र क्रियारूप आले आहे. ते नुसते ध्वनीचे अनुकरण आहे, असे बरीच वर्षे मानले जाई. जर्मन पंडित पाउल थीमे यांनी त्याचा संबंध ‘अक्षर’ या शब्दाशी जोडला : गुरूपुढे एकेक अक्षर घोकणारी मुले जसा आवाज करतात, तसा हा बेडकांचा आवाज. हे मान्य केले, तर भारतातल्या पाठांतराच्या शाळेचा पहिला आवाज आपल्याला बेडकाच्या तोंडून ऐकू येतो. मला थीमे यांचे म्हणणे पटते, कारण सूक्तातली गुरुशिष्यांची उपमा त्याला लागूनच आली आहे.

या सूक्ताचा हेतू काय, यावर एकोणिसाव्या शतकात चांगलाच वाद झाला. माक्स म्युलर यांनी १८५९ साली ते ब्राह्मणांची थट्टा करणारे काव्य ठरवले. मॉरिस ब्लूमफील्ड यांनी १८९६ साली त्याला उत्तर देताना म्हटले, की हा पाऊस पाडण्याचा मंत्र आहे, त्यात थट्टा नाही. यास्काचार्य तर निरुक्तात आधीच सांगून बसले होते, की वसिष्ठाने पावसासाठी पर्जन्याची स्तुती केली, बेडकांनी तिला अनुमोदन दिले, म्हणून त्याने बेडकांचीही स्तुती केली. म्युलर यांची चूक कुठे झाली हे नव्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावे. त्यांच्या युरोपात बेडूक हा हसण्याचा विषय होता. इसवी सनपूर्व ४०५ मध्ये अथेन्समध्ये अॅरिस्टोफेनिसच्या ‘बेडूक’ नाटकातल्या बेडकांच्या समूहाने प्रेक्षकांना हसवले; होमरच्या नावावर खपवलेले बेडूक आणि उंदरांचे युद्ध हे महाकाव्याचे विडंबन होते. म्युलर यांनी आपला बेडूक वसिष्ठाच्या तळ्यात सोडला. पावसावर जगणाऱ्या देशात बेडकाचा आवाज ही बातमी असते, आणि बातमी आणणाऱ्याला कुणी हसत नाही.

यास्कांचे आणखी एक काम पाहण्यासारखे आहे. मंडूक शब्दाची व्युत्पत्ती देताना ते एकावर थांबत नाहीत. बुडी मारतो म्हणून मज्जनावरून. आनंदतो म्हणून मद् धातूवरून. तृप्त होतो म्हणून मन्द् वरून. वैयाकरण म्हणतात सजवणे या अर्थाच्या मण्ड् वरून. किंवा मण्ड म्हणजे पाणी हे ज्याचे घर, तो. आजचे भाषाशास्त्र यातली एकही जशीच्या तशी घेणार नाही. पण प्रत्येक व्युत्पत्तीमागे बेडकाकडे टाकलेली एक वेगळी नजर आहे. शब्दाचे मूळ शोधताना यास्क चुकत असतील, बेडूक पाहताना चुकलेले नाहीत.

वैयाकरणांनी मात्र आवाज सोडून उडी घेतली. पाणिनीच्या अष्टाध्यायीत एका सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रात गृहीत धरला जातो. याला अनुवृत्ती म्हणतात. बहुतेक वेळा ती ओहोळासारखी सरळ वाहत जाते. कधी कधी मात्र एखादा शब्द मधली काही सूत्रे ओलांडून एकदम पुढच्या सूत्रात जाऊन बसतो. ही मंडूकप्लुती, बेडूकउडी. टीकाकार सूत्राचा अर्थ लावताना अडले, की ही उडी हाताशी असे, आणि प्रतिपक्ष विचारी, की मधल्या सूत्रांनी काय पाप केले. वर्तमानपत्री मराठीत पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याच्या हालचालीलाही बेडूकउडी म्हणतात. प्राणी तोच, उडी तीच. पण वैयाकरणाची बेडूकउडी नियम वाचवण्यासाठी असते. पुढाऱ्याची कशासाठी असते, हे वाचकांना ठाऊक आहे.

मंडूक हे माणसाचेही नाव होते. पाणिनीने चौथ्या अध्यायात मंडूकाच्या अपत्याला मांडूकेय म्हणण्यासाठी स्वतंत्र सूत्र रचले आहे. ‘मांडूक्य’ उपनिषदाच्या नावातही तेच कूळ आहे. अवघे बारा मंत्र, मुख्य उपनिषदांमध्ये सर्वांत छोटे, आणि त्यावर गौडपादांच्या २१५ कारिका. एवढ्या गंभीर ग्रंथाच्या नावात बेडूक कसा, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. पण कौशिक म्हणजे घुबडही आणि विश्वामित्रही, तित्तिर म्हणजे पक्षीही आणि तैत्तिरीयांच्या नावाचे मूळही. गोत्रनावांत पशुपक्षी येणे ही तेव्हाची रीत होती. ओंकाराचा आणि बेडकाच्या उड्यांचा संबंध जोडणारी गोड स्पष्टीकरणे प्रवचनांतून ऐकू येतात. ती प्रवचनातच ठेवावीत.

वास्तुशास्त्रात आणखी वेगळेच. मयमत आणि मानसार या ग्रंथांत ६४ चौरसांच्या पदविन्यासाला मंडूक म्हटले आहे. ८१ चौरसांचा तो परमशायिक. योगात मंडूकासन आहे, घेरंडसंहितेत उत्तानमंडूकासनही. संगीतात दर्दुर हे घटासारखे चर्मवाद्य. भरताच्या नाट्यशास्त्रात ते मृदंग आणि पणवाच्या जोडीला बसते. कालिदासाच्या रघुवंशात दर्दुर हा मलयाच्या शेजारचा पर्वत. प्लव म्हणजे बेडूक, तसाच होडगाही. वर्षाभू म्हणजे पावसात जन्मणारा. म्हणून बेडूकही आणि उन्हाळ्यात सुकून पावसात पुन्हा फुटणारी पुनर्नवा ही वनस्पतीही. मंडूकपर्णीचे प्रकरण जरा जपून वाचावे. चरकाने मेधा वाढवणाऱ्या चार रसायनांत तिचा स्वरस सांगितला आहे. पण आज ‘ब्राह्मी’ या एकाच नावाखाली मंडूकपर्णी आणि जलब्राह्मी अशा दोन अगदी वेगळ्या वनस्पती बाजारात येतात. तेलाच्या बाटलीवर ब्राह्मी वाचून आत कोणती आहे हे कळत नाही. अनेकार्थतेचा प्रश्न पंडितांपुरता नाही, औषधाच्या दुकानातही तो उभा आहे.

आता शरीराकडे. मराठीत दंडाच्या फुगलेल्या स्नायूला बेडकुळी म्हणतात, काहींच्या तोंडी ती बेटकुळी होते. शाळेच्या मैदानावर मुले मूठ आवळून हात कोपरात दुमडतात, दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने दंडावर टिचकीवजा ठोसा देतात, आणि कातडीखाली एक उंचवटा क्षणभर उठून बसतो, मग हळूच विरतो. तो उंचवटा हलतो, म्हणून त्यात जिवंत प्राणी पाहणे ओघाने आलेच. रोमन लोकांनी तिथे उंदीर पाहिला. स्नायूसाठी युरोपभर चालणारा ‘मसल’ हा शब्द लॅटिनमधल्या छोट्या उंदरावरून आला आहे. आपण बेडूक पाहिला. कातडीखालची ती धपकन उठून विरण्याची चाल पाहिली, तर मला मराठीची नजर अधिक अचूक वाटते. बेडकुळी म्हणणाऱ्याला बेडूक दिसत राहतो. बेटकुळी म्हणणाऱ्याला तो सांगावा लागतो. शब्द असे आपल्या मुळापासून सुटतात.

जिभेखाली येणाऱ्या फुगवटीला वैद्यकात ‘रॅन्युला’ म्हणतात, म्हणजे लॅटिनमध्ये छोटी बेडकी. ग्रीक वैद्यही त्याला बेडूकच म्हणत. तिथे डोळ्यांत भरला तो फुगलेला गळा. घोड्याच्या टापेखाली मधोमध इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा लवचीक, रबरासारखा भाग असतो. पाय टेकताना तो दाबला जातो आणि धक्का सोसतो. इंग्रजीत त्याला ‘फ्रॉग’ म्हणतात, ग्रीकमध्येही बेडूक म्हणत. पण झेनोफोनने अश्वविद्येवरच्या ग्रंथात त्यालाच पाकोळी म्हटले आहे, कारण त्याला तिथे दुभंगलेली शेपटी दिसली. फ्रेंचांना काटा दिसला. एकाच टापेत तीन भाषांनी तीन वस्तू पाहिल्या. रेल्वेचे दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात, तिथल्या पोलादी तुकड्यालाही इंग्रजीत फ्रॉग म्हणतात आणि त्याचाही आकार टापेतल्या त्या भागासारखाच आहे. आपल्याकडे रूळांवर काम करणारे सरळ ‘क्रॉसिंग’ म्हणतात. व्हायोलिनच्या गजाचा जो भाग हातात येतो आणि ज्यात घोड्याचे केस अडकवलेले असतात, तो इंग्रजीत फ्रॉग, जर्मनमध्ये ‘फ्रोश’ म्हणजे बेडूकच, पण फ्रेंचमध्ये टाच.

विटेचा फ्रॉग महाराष्ट्रात सगळ्यांनी पाहिलेला आहे, नाव माहीत नसले तरी. विटेच्या वरच्या अंगाला जो आयताकृती खळगा असतो आणि ज्यात बहुतेक भट्टीवाल्याच्या नावाची अक्षरे उमटलेली असतात, तो हा. भारतीय मानकानुसार १९० × ९० × ९० मिलिमीटरच्या विटेत त्याची खोली १० ते २० मिलिमीटर असते. चांगला गवंडी वीट बसवताना खळगा वर ठेवतो, म्हणजे वरच्या थराचा मसाला त्यात भरून वीट घट्ट धरली जाते. अभियांत्रिकीच्या पदविकेला हा शब्द परीक्षेपुरता पाठ होतो. साइटवर तो कुणी वापरत नाही. या खळग्याला बेडूक का म्हणतात, याच्या तीन-चार कहाण्या इंग्रजीत फिरतात. तुमच्या कानांवर आली ती सर्वांत मजेदार असेल, तर तिच्यावर सर्वांत कमी विश्वास ठेवा. व्युत्पत्तीच्या क्षेत्रात हा नियम सहसा दगा देत नाही.

आवाज आणि आकार हे निरुपद्रवी अर्थ. पण बेडकाचा जो अर्थ आज मराठीत सर्वांत जास्त चालतो तो शिवीचा आहे : कूपमंडूक, विहिरीतला बेडूक, डबक्यातला बेडूक. कल्पना फक्त आपली नाही. चिनी भाषेतही विहिरीच्या तळचा बेडूक ही म्हण आहे आणि च्वांग त्सच्या ग्रंथात तो बेडूक पूर्वसमुद्राच्या कासवापुढे आपल्या पडक्या विहिरीची बढाई मारतो. स्वामी विवेकानंदांनी १५ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत विहिरीतल्या आणि समुद्रातल्या बेडकाची गोष्ट सांगितली, ती याच घराण्यातली. त्यांच्या गोष्टीत हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळेच आपापल्या विहिरीत होते. आज ती सांगणारे बहुधा फक्त दुसऱ्याची विहीर दाखवतात. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायातला दर्दुर त्याहून सूक्ष्म आहे. कमळाच्या कंदाशेजारी एकाच घरात राहूनही बेडकाच्या वाट्याला चिखल येतो आणि पराग लांबून आलेला भुंगा नेतो. इथे दोष विहिरीच्या लहानपणाचा नाही. जवळ असलेले न ओळखण्याचा आहे.

विहिरीतल्या बेडकाची बाजू पंचतंत्राने मांडून ठेवली आहे, ती मात्र कुणी आठवत नाही. चौथ्या तंत्रातला गंगदत्त हा विहिरीतल्या बेडकांचा राजा. भाऊबंदकीला कंटाळून तो रहाटाच्या दोरावरून बाहेर पडतो, आणि सूड उगवण्यासाठी प्रियदर्शन नावाच्या सापाला घेऊन विहिरीत परततो. साप आधी शत्रू खातो, मग मित्र, मग गंगदत्ताचा मुलगा. विहीर सोडून बाहेर गेलेला बेडूक शहाणा होऊन परत येतोच असे नाही, हे विष्णुशर्म्याला माहीत होते. तिसऱ्या तंत्रातल्या जलपाद राजाला तर मंदविष सापाच्या पाठीवर बसून फिरण्याची हौस जडते, आणि त्या हौसेपायी तो आपली प्रजा सापाला खाऊ घालतो. कूपमंडूक हा शब्द वापरणाऱ्यांनी या दोन कथा एकदा तरी वाचाव्यात.

अलीकडे आणखी एक बेडूक व्याख्यानांतून आणि मोबाइलवरच्या सुविचारांतून फिरतो आहे : पाणी हळूहळू तापवले तर बाहेर उडी न मारता शिजून मरणारा. सवयीने माणूस कसा बधिर होतो ते सांगायला तो बरा पडतो. अडचण एवढीच, की खरा बेडूक तसा वागत नाही. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रीडरिश गोल्ट्झ यांनी १८६९ साली हे प्रयोग केले तेव्हा मेंदू काढलेला बेडूक पाण्यात राहिला, धडधाकट बेडूक पाणी तापू लागताच सुटण्याची धडपड करू लागला. म्हणजे दाखल्यातला बेडूक आधीच मेंदू काढलेला आहे. वक्त्यांनी एवढा तपशील सांगितला, तर दाखला उलट अधिक बोचेल.

बेडकाला विज्ञानाने तसेही कमी छळलेले नाही. इटलीतल्या बोलोन्या शहरात लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या कापलेल्या पायांना धातू लावून ते झटकताना पाहिले आणि १७९१ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यावरून शास्त्रज्ञ व्होल्टांशी वाद झाला आणि वादातून विजेची बॅटरी निघाली. ‘गॅल्व्हनोमीटर’ या शब्दात तो बेडूक अजून अदृश्यपणे बसलेला आहे. महाराष्ट्रातल्या विज्ञानशाखेच्या कित्येक पिढ्यांना बेडूक म्हटला, की मेणाच्या थाळीत टाचण्यांनी पसरलेला, फॉर्मलिनच्या वासाचा प्राणी आठवतो. त्या पिढ्यांच्या मराठीत ‘बेडूक कापणे’ म्हणजे जीवशास्त्र घेणे असाच अर्थ झाला होता. आता ते विच्छेदन बंद झाले आणि तो वाक्प्रचारही जाईल.

पाण्याशी असलेले बेडकाचे नाते शब्दांत सर्वांत खोल उतरले आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीखालचे पाणी शोधण्यावर दकार्गल नावाचा अध्याय आहे. त्यात तो सांगतो : निर्जल प्रदेशात वेताचे झाड दिसले, तर त्याच्या पश्चिमेला तीन हातांवर खणावे, दीड पुरुष खोलीवर पाणी लागेल, खूण म्हणून अर्ध्या पुरुषावर फिकट रंगाचा बेडूक सापडेल, मग पिवळी माती, मग पापुद्रे सुटणारा दगड. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. हा अध्याय अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणाऱ्याने बेडकाचा जीवनक्रम वाचावा. काही जाती कोरड्या ऋतूत खरोखर ओलाव्यापर्यंत जमिनीत उतरून निपचित पडतात. महाभारताच्या अनुशासनपर्वात हेच कथेच्या रूपात आले आहे. पाण्याच्या तळाशी लपलेल्या अग्नीचा ठावठिकाणा बेडकाने देवांना सांगितला, म्हणून अग्नीने शाप दिला, की तुला रसाची चव कळणार नाही. देवांनी उतारा दिला : जीभ नसली तरी तुम्ही नाना प्रकारे बोलाल, बिळात सुकून मेल्यासारखे झालात तरी पृथ्वी तुम्हाला सांभाळील, आणि गडद अंधारातही तुम्ही फिराल. संस्कृतात बेडकाला अजिह्व म्हणतात ते यावरून. जीभ बेडकाला असते, फक्त ती पुढून जोडलेली आणि मागे दुमडलेली असते. पण बाकीची दोन वरदाने निसर्गशास्त्राच्या पुस्तकात जशीच्या तशी घालता येतील.

पाऊस ओढ देतो तेव्हा आसामात भेकुली बिया, म्हणजे बेडकांचे लग्न, लावतात. बेडकाला तिथे भेकुली म्हणतात, आणि अमरकोशातला भेक त्या शब्दात नांदतो आहे. विदर्भातल्या धोंडी या पाऊस मागण्याच्या रीतीतही कडुलिंबाच्या पाल्यासोबत मुसळाला बांधलेला बेडूक घरोघर फिरे आणि त्याच्यावर पाणी ओतले जाई. वसिष्ठाच्या सूक्ताला पावसाचा मंत्र ठरवणाऱ्या ब्लूमफील्ड यांना यापेक्षा चांगला साक्षीदार मिळाला नसता.

या सगळ्या श्रीमंतीनंतर आजच्या मराठीकडे पाहिले, की थोडी चणचण जाणवते. सह्याद्री ही बेडकांच्या दृष्टीने जगातली फार समृद्ध जागा. २००३ साली केरळच्या इडुक्कीतून वर्णिलेल्या जांभळ्या बेडकाचे शास्त्रीय नाव ‘नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस’ : संस्कृत नाक, ग्रीक बेडूक आणि आपला सह्याद्री. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीखाली असतो आणि त्याचे जवळचे नातलग हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर सापडतात. आंबोलीचा भेक २००९ साली वर्णिला गेला आणि आज तो अतिसंकटग्रस्त जातींत आहे. सातारा जिल्ह्यातल्या हुंबरळीजवळच्या ओढ्यांत रातबेडकांच्या एका जातीचा विणीचा व्यवहार अभ्यासून २०१६ साली निबंध प्रसिद्ध झाला. नर मादीला न धरता तिच्या पाठीवर नुसता पाय फाकून बसतो, ही पद्धत त्याआधी कुठे नोंदलेली नव्हती. त्या जातीच्या नावात मुंबईचे निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलअली आहेत. बेडकांच्या पायांच्या निर्यातीविरुद्ध त्यांनी लेखणी चालवली होती, आणि ती निर्यात भारताने १९८७ साली थांबवली. गोव्यात कोकणीत बेडकाला बेबो म्हणतात. पहिल्या पावसात तो ताटात जाऊ नये म्हणून तिथे दरवर्षी जनजागृती करावी लागते, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार गुन्हा आहे.

एवढ्या जातींना शास्त्रज्ञांनी नावे दिली, पण प्रमाण मराठीत त्या सगळ्या ‘बेडूक’. ग्रंथांतून खडबडीत अंगाच्या प्राण्याला भेक आणि गुळगुळीत अंगाच्याला बेडूक असा भेद केला जातो. बोलण्यात तो कुणी पाळत नाही. भाषा गरीब म्हणून हे झाले, असे मला वाटत नाही. शेतावर, ओढ्याकाठी, भातखाचरात माणसे आजही बेडूक आकाराने, आवाजाने, दिसण्याच्या नक्षत्राने ओळखतात आणि त्यांना नावेही देतात. ती नावे कोशात आली नाहीत, कारण कोश करणारे तिथे गेले नाहीत. वसिष्ठाने ऐकलेला गाईचा आणि बोकडाचा फरक आजही कुणाच्या तरी कानांत आहे. फक्त त्याची नोंद नाही.

म्हणून या विषयात नव्याने येणाऱ्याकडे एक मागणे आहे. येत्या पावसाळ्यात तुमच्या गावात, आजोळी किंवा कामाच्या ठिकाणी बेडकासाठी जो कोणता शब्द ऐकाल तो वहीत लिहा. नुसता शब्द लिहू नका. कोण म्हणाले, कोणत्या बेडकाला म्हणाले, तो किती मोठा, कोणत्या रंगाचा होता, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या पाण्यात दिसला, आवाज कसा होता, हे शेजारी लिहा. जमल्यास मोबाइलवर आवाज घ्या. अर्थ विचारताना आधी आपला अर्थ सुचवू नका. समोरच्याला बोलू द्या. व्युत्पत्ती शोधायला पुढे वेळ आहे, नोंद करायला फारसा नाही, कारण ही नावे जाणणारी माणसे बहुतेक साठीच्या पुढची आहेत.